झिजलेल्या नाकाची कानबाई

अंजनी नदीच्या काठावरच्या त्या गावात अभिमनला कुणी वाईट माणूस म्हणत नसे. आजही म्हणणार नाहीत. एरंडोलच्या बाजारात विचारलंत तर सांगतील, अभिमन ना, मोठा देवमाणूस! पोटचं पोर करणार नाही इतकं त्यानं परक्या म्हातारीचं केलं. सांगोत बापडे. गावाला काय, वरवर बघायला मिळालं तेवढं खरं.

माणूस तसा खाऊनपिऊन सुखी. काळी कसदार जमीन, कपाशीचं पीक, दोन बैलजोड्या, घरात ताईबाईसारखी कामाला वाघीण असलेली बायको. मूलबाळ नव्हतं, पण त्याचंही त्याला फारसं काही वाटत नसे. चाळिशी आली तरी कसला म्हणून शौक नाही. तमाखू नाही, तमाशा नाही. असा कोरडा माणूस एकदा का कशाच्या नादी लागला की त्याला आवरणं कठीण. आणि याला नाद लागला तो जळगावात, कापसाचा व्यापारी रुपचंद शेठच्या बैठकीत.

कापूस घेऊन गाड्या शेठच्या सरकी काढायच्या जिनात गेल्या होत्या आणि तोलाईला उशीर होता. शेठनं चांगल्या गिऱ्हाइकाला म्हणून वर बोलावलं. बैठकीत भिंतीला लागून काचेचं कपाट, आणि कपाटात काय, तर जुनी पितळी! मोराचा अडकित्ता, साखळीचा दिवा, कुणाच्या तरी पणजोबाची दौत, घोड्यावरचा खंडोबा. अभिमन बघतच राहिला. त्याच्या गावात असल्या वस्तू मोडीत जात. इथं त्यांना काचेआड बसवलेलं, आणि शेठ त्यातली एकेक काढून अशी हातात घेत होता जशी तान्ही पोर घ्यावी.

"हा दिवा दोनशे वर्षांचा," शेठ म्हणाला. "साहेब लोक बघायला येतात. पण एक लक्षात ठेवा पाटील, जुन्याला चिंच-राख लावायची नाही. घासलं की मेलं."

त्या दिवशी अभिमन गाडीत बसून घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. आल्या आल्या गोठ्यात गेला. तिथं कोंबड्यांना पाणी ठेवायला एक काळं ठिक्कर पडलेलं भांडं होतं. जन्मापासून तो ते बघत होता, आणि त्या संध्याकाळी त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं. उलटं केलं तर बुडाला कमळ कोरलेलं! देवळातला जुना दिवा होता तो, साखळी तुटलेला. अभिमन शेणातच फतकल मारून बसला आणि एकटाच हसायला लागला. ताईबाई धारेची चरवी घेऊन आली ती दारातच थबकली. नवऱ्याला असं हसताना तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

नव्या नवलाईचे ते दिवस मोठे गोड गेले, हे कबूल केलं पाहिजे. ज्याला असला नाद लागलाय त्यालाच ते कळेल. शेजारच्या गावात कुणाच्या उखळाखाली एक पोपटाच्या तोंडाचा अडकित्ता सापडला, तर हा दोन दिवस जेवला नाही नीट. रात्रंदिवस खिशात. औत हाकताना मध्येच थांबायचा, अडकित्ता काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. कुणाचे हात लागले असतील याला, कुठली सुपारी फोडली असेल, कुठल्या लग्नात? पूर्वी बाजारातून जाताना त्याला फक्त भाव दिसत. आता माणसांच्या ओसऱ्या दिसायला लागल्या, कोनाडे, उतरंडी दिसायला लागल्या. जगात इतकं काही पडलेलं आहे आणि ते आपल्याला दिसतंय, याचाच त्याला आनंद. पहूरला पाहुणा म्हणून गेला तर परत येताना पाहुणचाराच्या साडीऐवजी एक फुटकं पानदान घेऊन आला.

"घर शे का भंगारनं दुकान?" ताईबाई करवादली.

"तुले नई समजनार," अभिमन म्हणाला. आणि त्याचं म्हणणं खरंच होतं, तिला समजत नव्हतं.

पण नवशिक्याच्या वाट्याला येतं ते याच्याही वाट्याला आलं. भुसावळच्या बाजारात एका फिरत्या माणसानं त्याला एक घंटा गळ्यात मारली. म्हणे पेशव्यांच्या वेळची. अभिमननं ती गोणपाटात गुंडाळून मोठ्या मिजाशीनं शेठपुढे ठेवली. शेठनं ती बोटानं वाजवली, उलटी केली, आणि असा काही हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो पाटील, ही घंटा माझ्या नातवापेक्षा लहान आहे!"

बैठकीत आणखी दोन व्यापारी बसले होते. तेही हसले. मुनीमही हसला. अभिमनच्या कोणी मुस्काटात मारली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. घंटा तिथंच टाकून तो जिना उतरला, आणि उतरता उतरता मनाशी ठरवलं, एक अशी वस्तू आणीन की शेठची दातखीळ बसेल. नुसती बघत राहील त्याची बैठक! या माणसाचं वाटोळं त्या जिन्यावर झालं असं म्हणायला हरकत नाही. त्याचं म्हणजे, त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाचं.

आता भिकुबाईची गोष्ट. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे तोंड करून एकटीच राहायची. प्लेगात नवरा गेला, मोठ्या तापाच्या साथीत दोन्ही पोरं एकाच आठवड्यात गेली. मागं राहिली ही, एक खोली आणि घराण्याची कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. कुणाकडे नुसता नारळ असतो नथ घातलेला. भिकुबाईच्या सासरी पितळेचा मुखवटा होता, सासूच्या सासूच्याही आधीचा. त्या दिवशी रोट करायचे. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावानं गहू मोजून दळायचे, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. परक्यानं तुकडा मोडायचा नाही. सासरी गेलेली लेकसुद्धा परकी. भिकुबाईच्या घरात मोजायला कुणी उरलं नव्हतं, तरी ती मेलेल्या तिघांच्या नावानं गहू मोजायची, रोट करायची, आणि एकटीच रडत रडत दोन दिवस पुरवून खायची.

सोमवारी सकाळी कानबाईला चौरंगावर बसवून नदीवर न्यायचं, आंघोळ घालायची, परत आणायचं. चौरंग डोक्यावर घ्यायचा तो घरातल्या पुरुषानं. त्या वर्षी भिकुबाईची नजर फारच अधू झाली होती, दोन्ही डोळ्यांत दुधासारखा पडदा आलेला. तेव्हा गावातले वडीलधारे नथ्थू आबा अभिमनला म्हणाले, "म्हातारीना चौरंग तू ले रे भाऊ. पुण्य लागी."

अभिमननं चौरंग डोक्यावर घेतला, नदीत उतरला आणि मुखवटा पाण्याबाहेर काढून पुसला. ऊन पडलं होतं. त्याचे डोळे तिथंच खिळले. असला चेहरा त्यानं कधी बघितला नव्हता. डोळे मोठे, अर्धे मिटलेले. ओठ हसू की नको अशा बेतात. आणि नाक झिजून झिजून जवळजवळ सपाट झालेलं. पिढ्यान् पिढ्या बायांनी दर श्रावणात हळद लावून, पाणी घालून, बोटांनी चोळून चोळून ते झिजवलं होतं. कपाळावर, गालावर पितळ असं मऊ झालं होतं की हात लावला तर कातडी वाटावी. बाया गाणी म्हणत होत्या, फुगड्या घालत होत्या, आणि हा कमरेइतक्या पाण्यात उभा. काठावरून नथ्थू आबांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे भानावर आला.

परत येऊन त्यानं चौरंग ठेवला आणि तिथंच विचारलं, "अक्का, ही माले देशात का? म्हनशाल ते पैसा दिसू."

भिकुबाईला आधी कळलंच नाही. मग ती हसली. "देव कोन्ही इकस का रे बाप्पा?"

विषय संपला. निदान म्हातारीच्या लेखी संपला. अभिमनच्या डोक्यातला किडा मात्र तिथून जो वळवळायला लागला तो थांबला नाही. रात्री डोळे मिटले की तो चेहरा. जेवताना चेहरा. शेठची बैठक, त्या हसणाऱ्या व्यापाऱ्यांची तोंडं, आणि मध्ये तो मुखवटा! तीन-चार दिवसांनी तो भिकुबाईकडे गेला, सोबत सरपणाची मोळी घेऊन.

आणि मग जातच राहिला. सरपण, कधी पायली ज्वारी, कधी ताईबाईनं दिलेली दुधाची कासंडी. छपराची कौलं फिरवून दिली. म्हातारीला हिवताप आला तेव्हा उशाशी बसून काढा पाजला, अंगाखालचं काढलं, कपडे धुतले. हे सगळं तो ढोंग म्हणून करत होता असं म्हणाल तर चूक होईल. करताना त्याला खरोखर बरं वाटायचं. म्हातारी "आंडोर" म्हणायला लागली, म्हणजे मुलगा, तेव्हा त्याला ते मनापासून गोड लागलं. गाव तोंड भरून कौतुक करत होतं. पण सरपण रचून झालं की त्याचे डोळे त्या कोनाड्यातल्या लाकडी पेटीकडे जात, जिथं कानबाई लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. एका दुपारी म्हातारी झोपली असताना त्यानं ती काढली, ओल्या चिकणमातीत पुढूनमागून दाबून तिचा ठसा घेतला, आणि पुसून परत ठेवली.

त्याच आठवड्यात तो भिकुबाईला घेऊन धुळ्याला गेला. डोळे दाखवायला! गाव निरोप द्यायला वेशीपर्यंत आलं.

दवाखान्यात डॉक्टरानं म्हातारीच्या पापण्या वर करून पाहिलं. तिला बाकावर बसवून अभिमनला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. इथं आठ-दहा दिवस ठेवा, काढून टाकतो. म्हातारीला दिसायला लागेल."

"दिसी?" अभिमननं विचारलं.

"का नाही? तुमचा चेहरा ओळखेल की."

अभिमन थोडा वेळ दाराशी उभा राहिला. बाकावर भिकुबाई हातात काठी धरून, येणाऱ्याजाणाऱ्या पावलांच्या दिशेनं तोंड वळवत बसली होती. नवं लुगडं नेसून आली होती बिचारी. तिला दिसायला लागलं तर त्या ठशाचं काय करायचं? घरी आल्यावर ती पहिल्यांदा बघणार ती कानबाईलाच. अभिमन तिच्याजवळ गेला, खाली बसला आणि म्हणाला, "अक्का, डागदर म्हनस, काही इलाज नई. वय व्हयनं."

भिकुबाईनं मान हलवली. "जाऊ दे रे बाप्पा. तू शे ना माले," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठली.

अरे, काळीज होतं की दगड होता! पण त्याला विचाराल तर त्यानं सांगितलं असतं, या वयात डोळ्याला सुरी लावणं धोक्याचं. म्हातारी टेबलावरच गेली असती तर? त्यानं स्वतःला असं सांगितलंही, आणि ते त्याला पटलं. तिला धर्मशाळेत बसवून, हातात शेव-मुरमुऱ्याचा पुडा देऊन तो तसाच ओताऱ्याकडे गेला आणि ठसा त्याच्यापुढे ठेवला. अगदी असाच्या असा मुखवटा ओतून दे म्हणाला.

पुढल्या महिन्यात मुखवटा तयार झाला. काम नामी होतं. नाक मात्र चांगलं सरळ, धारदार, चाफेकळीसारखं. अभिमन उखडला.

"अहो पाटील," ओतारी म्हणाला, "नाक गेलेला देव मी कोणाच्या हातात देऊ? झिजला, फुटला देव पूजेत चालत नाही. उलट फुकटात नाक करून दिलं, तर तुम्ही रागावता!"

त्याचं तरी काय चुकलं? देवाचं काम करणारा माणूस, देव पुरा करूनच देणार. अभिमननंही मग विचार केला, आंधळ्या म्हातारीला नाकाचं काय? त्यानं मुखवटा घरी आणला, ताकात बुडवला, मग उकिरड्यात पुरला. आषाढ सरेपर्यंत त्याला मस्तपैकी काळा रंग चढला. ताईबाईनं एकदा विचारलं की उकिरडा का उकरतोय, तर तिच्यावर खेकसला.

श्रावण आला. रविवारी भिकुबाईनं रोट केले. त्या वर्षी तिनं चार जणांच्या नावानं गहू मोजले. तीन मेलेले आणि एक जिता. संध्याकाळी तिनं नथ्थू आबांना आणि गल्लीतल्या दोघी-तिघींना दाराशी बोलावलं, आणि त्यांच्यादेखत अभिमनला पाटावर बसवून त्याच्या ताटात रोट वाढला.

"खाय," ती म्हणाली. "तू आते मना घरना."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. रोट परक्याला द्यायचा नसतो. दिला म्हणजे माणूस आपला झाला, भाऊबंद झाला, म्हातारी मेल्यावर अग्नी देण्याचा धनी झाला. एवढ्या वर्षांनी तिच्या हातचा रोट कुणी तरी खात होतं. अभिमननं तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि खाल्ला. घास घशात अडकला का? नाही अडकला. भूक लागली होती, त्यानं दोन रोट खाल्ले, आणि कोनाड्यापुढे सजवलेल्या कानबाईकडे बघत हात धुतला.

सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन तो नदीत उतरला. अंगावर घोंगडी पांघरली होती, पावसाची भुरभुर होतीच. छातीइतक्या पाण्यात गेला, बायांकडे पाठ केली. नवा मुखवटा पोटाशी बांधलेला होता. तो चौरंगावर आला, जुना पोटाशी गेला. काठावर बाया गातच होत्या. हळद, कुंकू, नथ, फुलं चढवल्यावर कोणाला काय दिसणार होतं? वरवर बघितलं तर तोच डोळा, तोच ओठ.

घरी येऊन भिकुबाईनं मुखवटा मांडीवर घेतला, फडक्यानं पुसायला लागली. आणि तिचा हात थांबला.

अभिमनच्या सगळं ध्यानात होतं, एवढंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, म्हातारी कानबाईला डोळ्यांनी ओळखते. अरे, डोळ्यांनी बघायला तिला सवड तरी कधी मिळाली? नवी सून म्हणून आली तेव्हा डोक्यावरून पदर खाली ओढलेला, आणि हातांनी दरसाल आंघोळ घालायची. पन्नास श्रावण तिची बोटं त्या नाकावरून फिरली होती. ते नाक झिजवणाऱ्या हातांत तिचेही हात होते.

"ही मनी नई," भिकुबाई म्हणाली.

अभिमननं घोंगडी पोटाशी आवळली. "काय म्हनतस अक्का?"

"ही मनी कानबाई नई. हिनं नाक उच्चं शे. तिनं चापट व्हतं."

गल्लीतल्या बाया अजून दारात होत्या.  त्या क्षणी अभिमननं पोटाशी बांधलेलं सोडून तिच्या ओटीत घातलं असतं, पाय धरले असते, तर गावानं शिव्या घातल्या असत्या, थुंकलं असतं, आणि महिन्याभरात विसरलंही असतं. पण घोंगडीखाली ते पितळ त्याच्या अंगाला लागून कोमट झालं होतं. त्याला ते सोडवेना.

"अक्का, तीच शे," तो प्रेमानं म्हणाला. "मीच नदीवर न्हेली, मीच आनी. तुमना हातले भरम व्हयना. म्हातारपन शे."

त्या एका वाक्यानं म्हातारी संपली. गावानं ते उचलून धरलं. बाया येऊन मुखवटा बघत आणि म्हणत, हीच तर आहे, दुसरी कोणती? त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी कधी नीट बघितलाच नव्हता. भिकुबाई रोज मुखवटा काढायची, नाकावरून बोट फिरवायची आणि ठेवून द्यायची. मग काठी टेकत बाहेर पडायला लागली. घरोघर जायची, दारात उभी राहायची.

"माय, कोन्ही दखी का मनी कानबाई?"

पोरंटोरं तिच्या मागं लागली. "अक्का, आमना उकिरडामा शे!" म्हणायची. ती उकिरड्यात हात घालून शोधायची. मोठी माणसं आधी हळहळली, मग हसली, मग वैतागली. एकदा एका घरच्या सुनेनं तिच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं. दर वेळी अभिमन तिला शोधत जायचा, हात धरून आणायचा, हातपाय धुऊन द्यायचा, घास भरवायचा. "काय मानूस शे!" गाव म्हणायचं. "दुसरा रहाता त म्हातारीले दोरीघाई बांधी ठेवता."

एक दिवस भिकुबाईनं त्याला समोर बसवलं. तिनं खाणं जवळजवळ सोडलं होतं, गालफडं बसली होती. तिनं मुखवटा दोघांच्या मध्ये ठेवला.

"अभिमन, गाव माले येडी म्हनस. म्हनू दे. तू मना रोट खायेल शे. तू सांग, हीच शे का? हिनावर हात ठेव आन् सांग."

अभिमननं मुखवट्यावर हात ठेवला. ओताऱ्याच्या पितळेची आण घ्यायला काय जातं! "कानबाईनी आन," तो म्हणाला. "हीच शे अक्का."

भिकुबाईनं सुस्कारा टाकला. मग तिनं तो धारदार नाकाचा मुखवटा छातीशी धरला आणि त्याला म्हणाली, "माय, मी तुले वळखं नई. माले माफ कर." कितीतरी वेळ तेच म्हणत राहिली. अभिमन उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याला वाईट वाटलं. वाईट वाटलं, पण घरी जाऊन, जुनी कानबाई दडवून ठेवलेला पेटारा उघडायचं त्याच्या मनात आलं नाही, हेही खरं.

कार्तिकात ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, खोली माणसांनी भरली होती. नथ्थू आबा उशाशी, बाया भिंतीला, ताईबाई पायाशी. अभिमन तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होता. भिकुबाईनं हात वर केला. तो चाचपडत त्याच्या तोंडावर आला. हनुवटी, मिशा, गालावरचा देवीचा वण, नाक.

"हाऊ अभिमन शे," ती म्हणाली.

"हा अक्का. मीच."

तिची बोटं परत एकदा त्याच्या नाकावरून फिरली, हळूहळू, आणि तिथं थांबली.

"मना हात तुले वळखस," भिकुबाई म्हणाली. आवाज बारीक, पण शब्द चांगले स्वच्छ. "मंग तिले काबरं नई वळखत?"

 अभिमनच्या हातातला चमचा हलला आणि पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. म्हातारीनं झटकन हात काढून घेतला. जणू विस्तवावर पडला होता.

"यानी चोरी," ती म्हणाली. मग सगळं बळ एकवटून, खोलीभर ऐकू जाईल असं, "आबा! मनी कानबाई यानीच चोरी!"

झालं. खरं बोलून झालं, भर खोलीत, गावाच्या देखत. आणि काय झालं माहीत आहे? बायांनी कपाळावर हात मारून घेतले.

"बाई बाई बाई! भरम व्हयना म्हातारीले!"

"ज्यानी गू-मूत काढं, त्यालेच चोर म्हनस!"

"अक्का, असं बोलू नई व. पाप लागी," कुणीतरी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं.

भिकुबाई मान वळवून त्या आवाजांकडे तोंड करत होती, एकीकडे, मग दुसरीकडे. त्याच्या मांडीवरून डोकं काढायला बघत होती. अंगात ताकद नव्हती. अभिमननं ते डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पडेल म्हणून धरलं असंच सगळ्यांना वाटलं. नथ्थू आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मनवर लेऊ नको भाऊ," ते म्हणाले. "मरता मानूसनं मनवर लेवानं नई."

अभिमन रडायला लागला. हमसून हमसून, अगदी खरं रडणं. ते बघून बायाही रडल्या. त्या रडारडीत म्हातारीचा प्राण कधी गेला ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. तिची मान त्याच्यापासून वळलेली होती, तशीच राहिली.

अग्नी त्यानंच दिला. दहावा, तेरावा, सगळं यथासांग केलं, गावजेवण घातलं. तेराव्याला नथ्थू आबांनी चार माणसांसमक्ष तिची कानबाई त्याच्या स्वाधीन केली. रोट खाल्लेला तोच एक वारस. ओताऱ्याचा मुखवटा चौरंगावर बसवून, वाजतगाजत, बाया पुढं गाणी म्हणताहेत, असा अभिमनच्या घरी आला. ताईबाईनं दारात पाय धुतले, ओवाळलं आणि देवघरात बसवला.

दुपारी माणसं पांगली. ताईबाई भांडी घेऊन नदीवर गेली. अभिमननं दाराला कडी घातली आणि मधल्या खोलीत जाऊन पेटारा उघडला. इतके दिवस तो या घडीला भीत होता. म्हातारी गेली, आता त्या वस्तूला हात लावताना काहीतरी होईल, अंगावर काटा येईल, निदान तिची शेवटची हाक कानात वाजेल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं तिच्यावर गुंडाळलेलं जुनं धोतर उलगडलं, कानबाई मांडीवर घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. काही झालं नाही. ती फार सुंदर होती. तो कितीतरी वेळ बघत बसला, आणि मनापासून खूश झाला.